पेले बाहेर होता तेव्हा गोल कोणी मारले?

ब्राझीलचा फुटबॉलपटू गारिंचा ह्याच्याबद्दलचा तो फॉरवर्ड मेसेज ह्या आठवड्यात मला परत तीन ठिकाणांहून आला. त्यात म्हटलंय की हा विंगर (मैदानाच्या कडेने खेळणारा) नुसता ड्रिबलिंग करून पब्लिकला खूश करायचा, पायातून ठोस काही निघायचं नाही, १९५८ आणि १९६२ चे दोन्ही वर्ल्ड कप पेलेच्या जिवावर मिळाले, १९६६ च्या वर्ल्ड कपला गारिंचा उघडा पडला आणि दारूत करिअर वाया गेलं. वाचून राहवत नाही म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी पेलेचं. १९६२ ला चिलीमध्ये दुसऱ्याच मॅचला, चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध, पेले जखमी झाला आणि त्याचा वर्ल्ड कप तिथेच संपला. मग कप कोणी आणला? स्पेनविरुद्ध पेलेच्या जागी आलेल्या अमारिल्डोने वाचवलं, ते श्रेय त्याचंच, पण त्यानंतर क्वार्टर फायनलला इंग्लंडविरुद्ध गारिंचाचे दोन गोल, सेमी फायनलला यजमान चिलीविरुद्ध परत दोन. आणि ते गोल कसे होते ते बघा ना! इंग्लंडविरुद्ध पहिला हेडर, टीममधल्याच झागालोच्या कॉर्नरवर, हा बेताच्या उंचीचा माणूस धावत आला आणि उंच उंच डिफेंडरांमधून डोकं लावून गेला. दुसरा बॉक्सच्या बाहेरून, उजव्या पायाने वळवलेला. मधला, ब्राझीलचाच स्ट्रायकर वावाचा गोलसुद्धा गारिंचाची फ्री किक गोलकीपरच्या हातातून सुटली म्हणून झाला. चिलीविरुद्ध एक लांबून डाव्या पायाने, एक परत डोक्याने. म्हणजे दोन डोक्याने, एक उजव्याने, एक डाव्याने. ह्याला नुसतं ड्रिबलिंग म्हणायचं? चिलीविरुद्ध त्याला मैदानाबाहेर काढलं, लाथ मारली होती, ते चूकच, आणि तरी फायनल खेळू दिली ह्यावर कोणाला राग असेल तर मी वाद घालणार नाही.

आता 'ठोस काही नाही' हे. १९५८ ची फायनल, स्वीडनने चौथ्याच मिनिटाला गोल मारलेला. गारिंचा उजवीकडे बॉल घेऊन डिफेंडरसमोर जवळजवळ थांबतो, अंग डावीकडे टाकतो, समोरचा तिकडे झुकतो आणि हा बाहेरच्या बाजूने निघून जातो, थेट एंड लाइनपर्यंत, तिथून बॉल गोलसमोर आडवा आणि वावा फक्त पाय लावतो. पहिल्या हाफमध्ये हेच दोनदा, आणि ०-१ चं २-१. बाहेरूनच जाणार हे सगळ्यांना माहीत असायचं, पण कधी निघणार ते कळायचं नाही, सगळी गंमत त्या एका क्षणात होती. असे गोल स्कोअरकार्डवर वावाच्या नावावर लागतात, म्हणून फॉरवर्ड लिहिणाऱ्यांना दिसत नाहीत. आणि पेले-गारिंचा दोघं एकत्र मैदानात असताना ब्राझील एकदाही हरलं नाही, मग एकाला मोठं करायला दुसऱ्याला छोटं कशाला करता?

१९६६ चं थोडक्यात. जन्मापासून पाय वाकडे, एक दुसऱ्यापेक्षा आखूड, त्यात गुडघा झिजलेला, १९६४ ला ऑपरेशन झालेलं. तशा गुडघ्यावर बल्गेरियाविरुद्ध फ्री किकवर गोल मारला. पुढे हंगेरीकडून १-३ हरले, त्या दिवशी पेले खेळला नाही. ब्राझीलच्या जर्सीत गारिंचाची ती एकमेव हार आणि शेवटची मॅच.

राहिली दारू. ती खरी आहे, बापालाही होती आणि ह्यालाही लागली, २० जानेवारी १९८३ ला ४९ व्या वर्षी तो त्यानेच गेला आणि त्याच्या घरच्यांनी काय सोसलं ते मी लपवणार नाही. पण 'वाया' हा शब्द मला सहन होत नाही. आपल्या गावच्या, पाऊ ग्रांदेच्या, कापडगिरणीत काम करणारा पोरगा १९५३ ला रिओच्या बोटाफोगो क्लबात आला आणि बारा वर्षं तिथेच राहिला, १९५७, ६१, ६२ ला रिओची चॅम्पियनशिप जिंकून दिली, वर दोन वर्ल्ड कप. तो गेल्यावर पार्थिव रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये ठेवलं होतं आणि तिथून पाऊ ग्रांदेपर्यंत रस्त्याच्या कडेला माणसं उभी होती.