मामांच्या फ्यूजवरची चांदी

गेल्या रविवारी मामा-मामी नंदगडहून आमच्याकडे बेळगावातल्या शहापूरला आले. गाडीतून उतरायच्या आधीच मामा म्हणाले, "वायरमनचे पैसे वाचवलो बघ." मामी मागून पदर नाकाला लावून उतरल्या. "देसूरपासनं जळका वास याय लागलाय. ह्यांना सांगून सांगून दमले."

बॉनेट नंतर बघू म्हटलं आणि आधी फ्यूजबॉक्स उघडला. ब्रेक लाईटच्या जागी निळा, १५ अँपियरचा फ्यूज. उडालेला. त्याच्या दोन्ही पायांभोवती चहाच्या पुड्यातली चांदी गुंडाळलेली, राखी बांधावी तशी नीट. मामा ३० वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेत, काम कधी गबाळं करत नाहीत.

ही अक्कल मेसेजमधून आली होती. 'जुन्या गाडीचा ब्रेक लाईट बंद? वायरमनला एक रुपया देऊ नका.' मामांना तो निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर आला. आमच्या शेजारच्या काकांना तोच, शब्दाला शब्द, कन्नडमध्ये आलाय. बेळगावात मराठी-कन्नडाचं इतकं एकमत मी पहिल्यांदा बघतोय. मेसेजात पाच उपाय आहेत. फ्यूज सारखा उडत असेल तर चांदी गुंडाळा नाहीतर ३० चा फ्यूज घाला, कंपनी मुद्दाम हलका फ्यूज देते. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद पेटला तर बॅटरी बदला. दिवा लागत नसेल तर होल्डरमध्ये गंजाचा स्प्रे मारा. एलईडी बल्ब घाला, वायरिंगची कटकट कायमची मिटेल. आणि तोवर पार्किंग लाईट लावून फिरा, मागच्याला तांबडं दिसलं म्हणजे झालं. खाली अर्थातच, 'ही माहिती १० जणांना पाठवा.'

मी गाड्यांचा वायरमन नव्हे. उद्यमबागेत मशीनशॉपला असतो, पण वायर, करंट आणि जळका वास या तिन्हींशी रोजची ओळख आहे. चांदीपासूनच सुरू करतो, कारण बाकीच्या चार उपायांनी पैसे जातील, दंड होईल किंवा मागून कुणी येऊन आदळेल. हा पहिला उपाय गाडी पेटवणारा आहे.

कंपनी हलका फ्यूज देते म्हणे. मामांनाच हिशेब घातला. ब्रेक लाईटचा बल्ब २१ वॅटचा. १२ व्होल्टवर त्याला पावणेदोन अँपियर लागतात. दोन बल्बांचे साडेतीन, डिकीच्या काचेत तिसरा असला तर सव्वापाच. त्याला १५ चा फ्यूज म्हणजे गरजेच्या जवळजवळ तिप्पट. एवढी मोकळीक असूनही तो उडतोय याचा अर्थ करंट बल्बाकडे न जाता मध्येच कुठेतरी पत्र्याला लागून परत येतोय, म्हणजे शॉर्ट आहे. फ्यूज बिघडलेला नाही, तो ओरडतोय. त्याच्या तोंडात चांदीचा बोळा कोंबला की ओरडणं बंद होतं, एवढंच.

मग काय होतं? मागे जाणारी वायर बारीक असते. तिच्यापेक्षा आधी जळणारी, सगळ्यांत अशक्त जागा मुद्दाम ठेवलेली असते, ती म्हणजे फ्यूज. ही जागा चांदीनं दणकट केली की पुढची अशक्त जागा वायर. करंट दुप्पट झाला की उष्णता दुप्पट नाही, चौपट होते. म्हणजे १५ च्या जागी ३० चा हिरवा फ्यूज घालणं हे अर्धं शहाणपणसुद्धा नाही. आणि चांदीला तर कसली मर्यादाच नाही. ती वायर एकटी नसते, पायपुसण्याखालून, सीटखालून इतर वायरींच्या जुडग्यात बांधून गेलेली असते. एक तापली की शेजारणींचं प्लॅस्टिक वितळतं आणि त्या एकमेकींना चिकटतात. मामांचं नशीब इतकंच की हा शॉर्ट ब्रेकच्या स्विचच्या पुढे होता. ब्रेक दाबलेला असेल तेवढाच वेळ वायर तापायची. नंदगड ते खानापूर रस्ता मोकळा, काही कळलं नाही. देसूरपासून गर्दी, पायाखाली सारखा ब्रेक, म्हणून वास. चोर्ल्याचा घाट उतरायला निघाले असते तर काय झालं असतं, हे मी मामींसमोर बोललो नाही.

शॉर्ट शोधायला नवे नवे फ्यूज जाळायचीही गरज नसते. फ्यूज काढून त्याच्या दोन खाचांमध्ये वायर लावून २१ वॅटचा एक साधा बल्ब जोडायचा. मुलाला ब्रेकवर पाय ठेवून बसवायचं. शॉर्ट असेल तोवर हा बल्ब लख्ख पेटतो, आणि त्याच्यातून पावणेदोन अँपियरच्या वर काही जात नाही, त्यामुळे वायर सुरक्षित. मग मागचे कपलर, म्हणजे वायरींचे जोड, एकेक काढत, वायर हलवत जायचं. शॉर्ट सुटला की बल्ब एकदम मंद होतो. आमचा डिकीच्या बिजागरीशी मंद झाला. मागे कधीतरी मामांनी काचेत तिसरा ब्रेक लाईट बसवून घेतला होता. त्याची वायर बिजागरीतून अशीच ओढलेली, रबरी नळीसुद्धा नाही. डिकी उघडली की वाकणार, मिटली की वाकणार. वर्षानुवर्षं वाकून तिची साल फाटली होती आणि तांबं पत्र्याला घासत होतं. दीड वीत नवी वायर, एक नळी, एक निळा फ्यूज. संपलं. चांदी मी मामांच्या हातात ठेवली.

बॅटरी बदला हा सल्ला देणाऱ्याला तर बॅटरी दुकानदारानं हार घालावा. ब्रेक दाबल्यावर त्याच बाजूचा इंडिकेटर मंद चमकतो, किंवा पार्किंग लाईट पेटायच्या ऐवजी विझल्यासारखा होतो, याचं कारण बहुतेक वेळा एकच: त्या दिव्याला अर्थ, म्हणजे अर्थिंग, मिळत नाही. करंट बल्बातून गेला, आता त्याला बॉडीतून बॅटरीकडे परत जायचंय. अर्थचा स्क्रू गंजलेला. मग तो शेजारच्या फिलामेंटमधून वाट काढतो आणि जाता जाता तिलाही थोडं पेटवतो. आपल्याकडे खानापूर, जांबोटी, कणकुंबी पट्ट्यात पाऊस चार महिने गाडीचा पत्रा सुकू देत नाही, तिथे हा स्क्रू गंजणारच. तपासायला वायरीचा एक तुकडा पुरतो. एक टोक होल्डरच्या अर्थला, दुसरं रंग खरवडलेल्या पत्र्याला. दिवा लख्ख झाला तर बॅटरीचे पैसे खिशातच राहू देत. मल्टीमीटर असेल तर ब्रेक दाबून होल्डरचा अर्थ आणि बॉडी यांच्यात मोजा, अर्धा-एक व्होल्ट दिसला तरी अर्थ खराब.

उलट ब्रेक लाईटमुळे बॅटरी उतरते हे मात्र खरं, आणि ते त्या मेसेजात नाही. ब्रेक पॅडलच्या वर स्विच असतो. पॅडल वर असताना त्याची दांडी दाबलेली, दिवा बंद. पाय ठेवला की दांडी सुटते, दिवा चालू. दांडी जिथे टेकते तिथे प्लॅस्टिकचं एक छोटं बटण असतं. जुन्या गाडीत ते वाळून फुटतं, दांडी त्या भोकातून आरपार जाते आणि ब्रेक लाईट रात्रभर पेटून राहतात. साडेतीन अँपियर, छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपियर-तासांची. दहा तासांत रिकामी. पायपुसण्यावर प्लॅस्टिकचे तुकडे सापडले तर झटकून टाकू नका. काही फार जुन्या गाड्यांत स्विच पॅडलशी नसतो, ब्रेक ऑईलच्या दाबावर चालतो. तिथे मास्टर सिलिंडरजवळ बघायचं.

स्प्रे. बरं, यात थोडं तथ्य आहे. ओल जाते, दिवा लागतो, आठ दिवसांनी परत जातो. होल्डरचे कॉन्टॅक्ट पॉलिश पेपरनं घासून मग स्प्रे मारा, माझी काही तक्रार नाही. एलईडीचंही तसंच. करंट कमी ओढतात, टिकतात, मान्य. पण अर्थ नसला तर एलईडीलाही नसतो आणि फाटलेली वायर एलईडी घातल्यानं शिवली जात नाही. शिवाय स्वस्तातल्या एलईडीत पार्किंग आणि ब्रेक यांच्या उजेडात फरकच कळत नाही. मग घातला कशाला?

हीच गोष्ट पार्किंग लाईटच्या सल्ल्याची. 'मागच्याला तांबडं दिसलं म्हणजे झालं' म्हणणाऱ्यानं पावसात तवंदी घाट उतरून बघावा. पार्किंगची फिलामेंट ५ वॅटची, ब्रेकची २१ ची. मागचा ड्रायव्हर तांबडा रंग बघत नसतो, तो उजेड अचानक वाढलेला बघतो आणि त्यावर पाय उचलतो. ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. तुम्ही थांबताय हे त्याला एक सेकंद उशिरा कळलं तर तो तेवढा जवळ आलेला असतो. ऊस हंगामात संकेश्वर-निपाणी रस्त्यावर बिनदिव्यांच्या ट्रॉल्यांना आपण सगळे शिव्या घालतो. मग आपली गाडी तरी वेगळी कशी?

कायद्यातही ही पळवाट नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०२ काढून वाचा. गाडीच्या मागे तांबडा स्टॉप लॅम्प हवा आणि तो पायाचा ब्रेक लावल्यावर पेटायला हवा. सतत पेटलेला पार्किंग लाईट त्यात बसत नाही. मामांना हे वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "होय की. हे आधी कोण सांगितलंच नाही." मग चष्मा पुसत म्हणाले, "पण मी तर पुढं पाठवून सोडलोय."

१४ जणांना. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी मामा एकेकाला फोन लावताहेत. कालपर्यंत नऊ झाले. खानापूरच्या एका सरांकडे ३० चा हिरवा फ्यूज निघाला, तो त्यांनी फोन चालू असतानाच उपसून काढला.