किल्ट म्हणजे ‘मुलाने घातलेला स्कर्ट’ नव्हे

किल्ट म्हणजे स्कॉटलंडमधल्या पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा, चुणीदार पारंपरिक वेश. तो घातलेल्या मुलाला शाळेच्या कार्यक्रमातून परत पाठवलं, अशी बातमी अधूनमधून येते आणि तिच्या मागोमाग एक ठरलेला युक्तिवाद फिरायला लागतो. तो थोडक्यात असा: किल्ट हा शेवटी स्कर्टच, ज्या परंपरेचा एवढा गाजावाजा चाललाय ती एका इंग्रज कारखानदाराने काढलेली टूम, अमेरिकेत जन्मलेल्या पोराचा स्कॉटलंडशी संबंध काय, नियम सगळ्यांना सारखा, वर पायमोज्यात सुरी, आणि आज याला सूट दिली तर उद्या प्रत्येकजण वाटेल ते घालून येईल.

यातली सगळ्यात गाजलेली घटना २००५ च्या अखेरीची. अमेरिकेत मिझुरी राज्यातल्या जॅक्सन हायस्कूलमधला एक मुलगा शाळेच्या नृत्यसमारंभाला किल्ट घालून गेला. घराण्याची मुळं स्कॉटलंडमधली, त्याचा त्याला अभिमान. त्याला कपडे बदलून यायला सांगण्यात आलं. मुलाच्या बाजूने दीड हजारांवर सह्या गोळा झाल्या आणि बातमी थेट स्कॉटलंडच्या वर्तमानपत्रांत पोचली. लक्षात घ्या, हा रोजचा वर्ग नव्हता. मुलांनी ठेवणीतले कपडे घालून यावं असा तो कार्यक्रम होता. वरचा युक्तिवाद करणारे हा तपशील हमखास गाळतात.

आता एकेक मुद्दा घेऊ.

‘किल्ट म्हणजे स्कर्टच.’

लांबून तसा दिसतो, हे कबूल. जवळ जाऊन बघा. पूर्ण मापाच्या किल्टला साधारण आठ वार लोकरी कापड लागतं; नऊवारीच्या मुलखात याचं फार अप्रूप वाटायला नको. पुढचे दोन पदर सपाट, एकावर एक येणारे. चुण्या सगळ्या मागे. चांगला कारागीर चुण्या अशा बसवतो की टार्टनच्या, म्हणजे या चौकड्यांच्या रंगीत कापडाच्या, चौकटी मागच्या बाजूलाही न मोडता सलग दिसतात. कमरेला चामड्याचे पट्टे आणि बकलं. खिसा नाही, म्हणून पुढे स्पोरन नावाची चामड्याची थैली. लांबी गुडघ्याच्या मध्यापर्यंत. पुढच्या पदराला लावायची पिन फक्त वरच्या पदरातून घालायची. दोन्ही पदरांतून घातली की चालताना कापड ओढलं जातं आणि फाटतं. नवखा माणूस तिथेच ओळखू येतो.

हा वेश पुरुषांचा आहे, हे मी सांगायची गरज नाही. ब्रिटिश संसदेने ते १७४६ मध्येच लिहून ठेवलंय. त्या कायद्याविषयी पुढे येईलच, पण त्यात मनाई केली होती ती ‘पुरुष किंवा मुलगा’ यांना. बायकांचं त्यात नाव नाही. ब्रिटनमधल्या कितीतरी शाळांत मुलींच्या गणवेशात किल्टच्या धर्तीचा चुणीदार स्कर्ट असतो, तो नंतर आला. म्हणजे पुरुषांच्या वेशावरून मुलींचा स्कर्ट बेतायचा आणि मग त्या स्कर्टकडे बोट दाखवून मूळ वेशाला बायकी म्हणायचं!

राहिला तो ‘आत काय घालतात’ हा सनातन प्रश्न. हायलंड, म्हणजे स्कॉटलंडचा उत्तरेकडचा डोंगराळ भाग; तिथल्या नृत्याच्या स्पर्धांमध्ये त्याबद्दलही नियम आहे. शाळेलाही तो करता येईल, त्यासाठी किल्ट बंद करायला नको.

‘ही परंपराच बनावट आहे.’

हा मुद्दा सगळ्यात वजनदार, कारण तो अर्धा खरा आहे.

खरा भाग आधी. थॉमस रॉलिन्सन नावाच्या एका इंग्रज उद्योजकाची १७२०-३० च्या सुमारास हायलंडमध्ये लोखंडाची भट्टी होती. अंगभर गुंडाळायचं मोठं लोकरी कापड, म्हणजे प्लेड, कामगारांना कामात अडचणीचं होतं म्हणून त्याने कमरेखालचा भाग वेगळा करवला (तोच ‘छोटा किल्ट’), असं सांगणारं एक जुनं पत्र आहे. इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी या कथेला मोठी प्रसिद्धी दिली. तिच्यावर वाद आहेत, पण क्षणभर ती पूर्ण खरी धरू. प्रत्येक कुळाचं वेगळं टार्टन ही कल्पनाही मुख्यतः एकोणिसाव्या शतकातली. राजघराण्याशी नातं सांगणाऱ्या दोन तोतया भावांनी १८४२ मध्ये तथाकथित प्राचीन हस्तलिखिताच्या आधारे कुळांची टार्टनं छापली. ते हस्तलिखित बनावट होतं. १८२२ मध्ये ब्रिटनचा राजा चौथा जॉर्ज एडिनबरोला आला तेव्हा कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांनी सगळ्या शहराला टार्टनमध्ये बुडवलं आणि राजेसाहेब स्वतः किल्टखाली गुलाबी तंग विजारी घालून मिरवले. बनाव शोधायचाच असेल तर इथे भरपूर सापडतो.

पण मग १७४६ चं काय करायचं?

त्या वर्षी १६ एप्रिलला कलोडनच्या माळावर जॅकोबाइटांचं, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या पाठीराख्यांचं, बंड चिरडलं गेलं. पाठोपाठ जो कायदा आला त्यात प्लेड आणि ‘छोटा किल्ट’ यांची नावं घेऊन बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद. दुसऱ्यांदा सापडला तर समुद्रापारच्या वसाहतींत सात वर्षांसाठी रवानगी. रॉलिन्सनची कथा खरी मानली तरी तिच्यानंतर वीसेक वर्षांत हा छोटा किल्ट एवढा पसरला होता की लंडनच्या संसदेला तो नाव घेऊन बंद करावा लागला. कारखानदाराच्या टुमेसाठी कुणी माणसांना सात वर्षं हद्दपार करत नाही. आणि मोठ्या प्लेडचे उल्लेख तर सोळाव्या शतकाच्या शेवटापासून मिळतात.

बंदी उठली १७८२ मध्ये. मधल्या काळात एकच सवलत होती: राजाच्या सैन्यातल्या माणसांना तो वेश चालत असे. म्हणजे स्वतःच्या गावात घातला तर तुरुंग, साम्राज्यासाठी लढताना घातला तर गणवेश. (हायलंडर पलटणी आपल्याला अनोळखी नाहीत. २३ सप्टेंबर १८०३ ला असईच्या लढाईत, आजच्या जालना जिल्ह्यात, मराठा फौजेसमोर अशा दोन पलटणी उभ्या होत्या.)

परंपरेत नंतरची भर पडली म्हणून ती खोटी ठरते, हा नियम लावायचा तर जगात फारशा परंपरा उरणार नाहीत. ज्या कपड्यासाठी लोकांनी शिक्षा भोगली, त्याला पोकळ फॅशन म्हणताना तरी जरा थांबावं.

‘अमेरिकन मुलाचा काय संबंध?’

अमेरिकेच्या सिनेटने १९९८ मध्ये ६ एप्रिल हा टार्टन दिवस म्हणून मान्य केला. तारीख १३२० च्या आर्ब्रोथच्या जाहीरनाम्याची, म्हणजे स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची. देशाचं वरिष्ठ सभागृह स्कॉटिश वारशाचा दिवस साजरा करतं आणि गावच्या शाळेने मुलाला ‘तुझा संबंध काय’ विचारायचं, हे जुळत नाही. शिवाय ज्यांची मुलं न्यू जर्सीत गणपतीला कुर्ता आणि नऊवारी घालून नाचतात, त्यांनी तरी हा मुद्दा पुढे पाठवू नये.

‘नियम सगळ्यांना सारखा.’

ऐकायला न्याय्य वाटतं. ब्रिटनमध्ये हेच वाक्य न्यायालयात तपासून झालंय. बर्मिंगहॅममधल्या एका शाळेने शीख मुलाला पगडीमुळे प्रवेश नाकारला होता. टोपी-पगडी कुणालाच नाही, नियम सगळ्यांना सारखा, हाच बचाव. १९८३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, शीख हा वेगळा ‘वांशिक गट’ मानून तो फेटाळला. नियम पाळणं एखाद्याला शारीरिकदृष्ट्या शक्य आहे एवढं पुरेसं नाही. आपल्या समाजाच्या रीती सांभाळून तो पाळता येतो का, हे बघायला हवं, असा त्या निकालाचा आशय.

पगडी आणि किल्ट एका पारड्यात घालता येत नाहीत, हे मलाही मान्य. शीख मुलाला पगडी रोज लागते. स्कॉटिश मुलगा सोमवार ते शुक्रवार पँट घालून सुखाने शिकतो. १९९७ मध्ये ब्रिटनमधल्या एका अपील लवादाने स्कॉट लोक त्या निकालाच्या अर्थाने वेगळा ‘वांशिक गट’ ठरत नाहीत, असंही म्हटलं. पण त्याच निकालात ‘राष्ट्रीय मूळ’ या आधारावर स्कॉट आणि इंग्रज वेगळे धरता येतात, हे मान्य केलं. त्यामुळे रोजच्या गणवेशाऐवजी किल्टच हवा, असा हट्ट कुणी धरला तर मी शाळेच्या बाजूने उभा राहीन. समारंभाची गोष्ट वेगळी. तिथे गणवेश नसतोच, ‘नीटनेटका औपचारिक पोशाख’ एवढीच अट असते आणि किल्ट ती सुटापेक्षा काकणभर जास्तच पूर्ण करतो.

अमेरिकेतही शाळेचा शब्द अखेरचा नाही. व्हिएतनाम युद्धाच्या निषेधाच्या काळ्या फिती बांधून आलेल्या विद्यार्थ्यांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये निकाल दिला. अभिव्यक्ती रोखायची तर शाळेच्या कामात खरोखर मोठा अडथळा येतोय किंवा येणार आहे, हे शाळेने दाखवायला हवं. कपड्यांच्या प्रत्येक नियमाला हा निकाल जसाच्या तसा लागू होतो असं नाही. पण ‘मला विचित्र वाटतं’ हे कारण त्या कसोटीवर टिकत नाही.

‘पायमोज्यात सुरी असते.’

असते. तिला स्गिअन-डू म्हणतात आणि ती पूर्ण वेशाचा भाग आहे. चाकू बाळगण्याविरुद्धच्या ब्रिटिश कायद्यांत राष्ट्रीय पोशाखाचा भाग हा बचाव मान्य आहे, अगदी शाळेच्या आवारासाठीच्या कलमातही. तरीही शाळेने सुरी नको म्हणावं. ते रास्तच आहे. बिनपात्याची, नुसत्या मुठीची नक्कल मिळते, ती मोज्यात खोचली की काम भागतं. सुरीसाठी आख्खा किल्ट नाकारणं हा कांगावा झाला.

‘उद्या प्रत्येकजण वाटेल ते घालून येईल.’

स्कॉटलंडमध्ये शाळेच्या निरोप समारंभाला मुलं सर्रास किल्ट घालून येतात, बरीचशी भाड्याने आणून. डनब्लेनच्या क्वीन व्हिक्टोरिया स्कूलमध्ये तर संचलनाचा वेशच किल्ट आहे. तिथे त्यापायी शिस्त कोसळल्याचं कुणी म्हणत नाही.

शिस्तीची फजिती झाली ती उलट कारणाने. जून २०१७ च्या उकाड्यात इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या एका शाळेने मुलांना शॉर्ट्स नाकारल्या. मुलांनी नियमावली वाचली, त्यात स्कर्ट चालतो असं दिसलं आणि डझनावारी पोरं स्कर्ट घालून हजर झाली. पुढच्या वर्षापासून शॉर्ट्स आणू, असं शाळेला सांगावं लागलं.

किल्टबद्दल नियम करायचाच असेल तर तो चार वाक्यांचा आहे. समारंभाला चालेल, रोज नाही. लांबी गुडघ्यापर्यंत, आत अंतर्वस्त्र, पातं नाही. शंका असेल तर आधी येऊन दाखवावा. आणि दारात उभं करून मुलाला घरी धाडू नये.