सहाचं गेट गाठायचंय ना? मग हाणा!

फाल्गुन सरत आलाय, पळस पेटलाय, म्हणजे तुमची गाडी आता ताडोब्याकडे वळणारच. सफारी सकाळच्या फेरीची, गेट उघडणार सहाला, आणि तुम्ही नागपुरातून निघणार पावणेचारला. अगदी बरोबर. आदल्या दिवशी गेटजवळ मोहर्लीला मुक्काम करणारी माणसं फार घाबरट असतात.

जंगल लागलं की वेग वाढवा. डांबर गुळगुळीत, समोर कोणी नाही, अशा रस्त्यावर ४० ने जाणं हा कंत्राटदाराचा अपमान आहे. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. दिव्यात काहीतरी चमकलं, ते डोळे आहेत हे कळलं आणि पाय ब्रेककडे निघाला, एवढ्यात ते २२ मीटर संपलेले असतात. खरा ब्रेक त्यानंतर. पण एवढा हिशोब करत बसलात तर गाडी कधी चालवणार? कडेला सागाची वाळकी पानं पसरली असतील, त्यावर चाकं घसरतात म्हणे. घसरू द्या, एअरबॅग आहेतच.

अप्पर लावूनच ठेवा. दिवे डोळ्यांवर आले की चितळ जागच्या जागी थिजतं, तेवढाच फोटो बरा येतो. आणि एक चितळ पलीकडे गेलं की लगेच ॲक्सिलरेटर दाबा. चितळं कळपाने राहतात हे आपण पाचवीत शिकलो होतो, पण ते परीक्षेपुरतं.

मागच्या चैत्रात मी या बाबतीत फार मूर्खपणा केला. पहिली मादी गेली तशी गाडी थांबवली, डिप्पर केला, इंजिन बंद केलं. दुसरी गेली, तिसरी गेली. मग दोन मिनिटं काहीच नाही. मागे एक पांढरी उंच गाडी येऊन हॉर्नवर हात ठेवून उभी. मी आपला झुडपाकडे बघतोय, कारण तिथे एक कान हलत होता. शेवटी ती गाडी उजवीकडून काढून निघालीच. जाताना काच खाली करून पोरगा म्हणाला, ‘‘काका, झोपलात का?’’ कान पानांआड गेला. पाडस होतं. आई पलीकडे, ते अलीकडे. पुढची वीस मिनिटं मी तसाच थांबलो आणि माझं सहाचं गेट गेलं. तुम्ही असलं काही करू नका.

उन्हाळा लागला की आतले पाणवठे आटतात आणि जनावरं रस्ता जास्त ओलांडतात, ही त्यांची चूक. पेंचजवळ महामार्ग ४४ वर यावर तोडगाही काढलाय. मनसर ते खवासा या पट्ट्यात रस्ता ९ ठिकाणी वर उचलला आणि खालून जनावरांना वाट दिली. २०१९ मध्ये तिथल्या कॅमेऱ्यांत ११ वेगवेगळे वाघ त्या वाटेने जाताना दिसले. कोणी पाटी लावली नव्हती, दंडाची पावती फाडली नव्हती, तरी त्यांना आपली लेन कळली. आपल्याला लायसन्स मिळून पंधरा वर्षं झाली. बोर अभयारण्यातला बाजीराव वाघ मात्र २०१७ च्या डिसेंबरात बाजारगावजवळ अमरावती रस्ता ओलांडायला गेला आणि गाडीखाली मेला. तिथे त्याला खालची वाट नव्हती. गाडी थांबली नाही. थांबून करणार काय, उशीर झाला असेल.

वाटेत माकडं दिसली की बिस्किटं फेका. म्हणजे उद्या ती रस्त्यावरच बसतील, परवा पिल्लं घेऊन येतील, आणि शोधत हिंडायला नको. सिगारेटचं थोटूक खिडकीबाहेर. खाली सगळा पाचोळा आहे, विझेल आपोआप.

झुंजुमुंजू होताना मोहाची झाडं लागतील. फुलं रात्रभर गळतात, म्हणून बायका उजाडायच्या आत टोपली घेऊन येतात. अस्वलही त्याच फुलांसाठी येतं. झाड रस्त्याला लागून असेल तर अर्धी फुलं डांबरावर पडतात आणि बाई डांबरावर बसूनच वेचत असते. अशा वेळी हॉर्न जोरात द्या. ती दचकून कडेला झाली की गाडी हळू करा, काच खाली घ्या आणि मुद्द्याचं तेवढं विचारा : ‘‘मावशी, वाघ दिसला का?’’

‘‘दिसते नं कधी कधी,’’ ती म्हणेल. ‘‘आपन थांबलो का जाते बिचारा.’’

हे ऐकायला तुम्ही थांबणार नाहीच. पाच पंचेचाळीस झालेत. काच वर, एसी सुरू, आणि मोहाचा तो उग्र गोड वास बाहेर. धूळ बसली की मावशी परत रस्त्यावर येते, चाकाखाली चेंगरलेली फुलं बोटाने बाजूला सारते आणि उरलेली वेचायला लागते.