सीसीयूतला पेशंट बदललाय, स्टाफ कधी वाढणार?

तुमच्या लेखात म्हटलंय की हृदयाच्या अतिदक्षता विभागात, म्हणजे सीसीयूत, आता नुसते हार्ट अटॅकचे पेशंट येत नाहीत. अगदी खरं आहे. मी कोल्हापुरात सीसीयूत सिस्टर आहे. 1960च्या दशकात हे विभाग निघाले ते अटॅकनंतर ठोके बिघडले तर तिथल्या तिथे शॉक देता यावा म्हणून. आज वेळेत आलेला पेशंट अँजिओप्लास्टी (बंद झालेली रक्तवाहिनी फुग्याने उघडणं) होऊन बहुतेकदा दोन-चार दिवसांत घरी जातो. खाटा अडतात त्या हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदयाची ताकद कमी झालेल्या, म्हाताऱ्या माणसांनी. जोडीला शुगर, किडनी थकलेली, वर न्यूमोनिया. उशाशी व्हेंटिलेटर, बाजूला डायलिसिसचं मशीन, दर तासाला लघवी मोजून लिहायची. हृदय सावरतं आणि जंतुसंसर्गाने माणूस हातचा जातो, तेव्हा फार वाईट वाटतं. अशा दोन-तीन पेशंटमागे एकच सिस्टर ठेवून कसं भागायचं?

आमच्या जिल्ह्यातल्या गगनबावडा, चंदगडकडच्या लांबच्या मंडळींना कळकळीने सांगते, छातीत दाबल्यासारखं होऊन घाम फुटला तर पित्त समजून सोडा पिऊन झोपू नका. जवळच्या दवाखान्यात आधी ईसीजी काढा. अटॅकमध्ये हृदयाच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून पहिल्या दोन-तीन तासांत सगळ्यात चांगलं लागू पडतं, 12 तासांनंतर सहसा देतच नाहीत. शुगरवाल्यांना कधीकधी दुखतही नाही, नुसता दम लागतो. त्यांचाही ईसीजी काढाच.