जुन्या गाडीला नवे शॉकअप म्हणजे पैसे पाण्यात? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार मालक,

जुन्या गाडीचे शॉकअप जोडीनं बदला, असं मी एका लेखात म्हटलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया चांगलीच तिखट होती, पण मुद्द्याला धरून होती. त्यामुळं तिथंच खाली चार ओळी खरडण्यापेक्षा सविस्तर लिहितो.

ज्यांच्या नजरेतून ती सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात: यांची २०१२ ची डिझेल स्विफ्ट आहे, रोज जुळे सोलापूर ते चिंचोळी एमआयडीसी आणि परत. गॅरेजवाल्यानं चारही शॉकअप (शॉक ॲब्झॉर्बर), माउंटिंग (ते बॉडीला जोडणारे भाग), मजुरी आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) धरून चौदा हजार सांगितले. यांचं म्हणणं असं, की बॉनेट दाबून सोडलं तर गाडी एकदाच वर येऊन थांबते, मग शॉकअप गेले कुठं? ओळखीचा मिस्त्री पुढची जोडी ऑइल भरून दीड हजारात करून देतो. साडूंनी नवे टाकले तर गाडी उलट कडक झाली आणि पुढून बसलेली ती बसलेलीच राहिली. शिवाय पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात जाणार, आणि आपल्या रस्त्यांवर नवे शॉकअप तरी किती टिकणार? माझ्यासारखे लोक पार्टवाल्यांचा धंदा वाढवतात, असा शेवटी टोलाही आहे. पार्टच्या दुकानाशी माझा संबंध गिऱ्हाईक म्हणूनच येतो, एवढं सांगून तो टोला सोडून देतो.

आधी बॉनेट दाबण्याचं बघू. ही चाचणी आपल्याकडं पिढ्यानपिढ्या चालत आलीय, आणि अर्धीच खरी आहे. दाबून सोडल्यावर गाडी तीन-चार वेळा डुलत राहिली तर शॉकअप गेले, यात शंका नाही. पण एकदाच वर येऊन थांबली म्हणून ते चांगले, असं मात्र ठरत नाही. घरातल्या झोपाळ्याला झोका दिला की तो आपल्या आपण थांबायला वेळ घेतो, पाय टेकला की लगेच थांबतो. स्प्रिंग म्हणजे झोपाळा आणि शॉकअप म्हणजे टेकलेला पाय. तुम्ही हातानं दाबता तेव्हा बॉडी सावकाश हलते, सेकंदाला एक ते दीड वेळा. एवढ्या संथ हालचालीत जुन्या बुशांचं (सांध्यांतल्या रबरी कड्यांचं) आणि सीलचं घर्षणसुद्धा गाडी थांबवून टाकतं, शॉकअपच्या आतल्या व्हॉल्व्हची परीक्षा होतच नाही.

खरी परीक्षा असते चाकाची. चाक, हब, ब्रेक हे सगळं वजन एका बाजूला स्प्रिंग आणि दुसऱ्या बाजूला टायरमधली हवा यांच्यामध्ये अडकलेलं असतं. खड्ड्याचा मार बसला की ते सेकंदाला दहा-बारा वेळा थरथरतं, आणि शॉकअप गेला असेल तर लवकर थांबत नाही. मोहोळकडं जाताना ८० चा वेग असेल तर गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर पुढं जाते, म्हणजे साधारण दर दोन मीटरला चाक एकदा रस्त्यावर दाबलं जातं आणि एकदा हलकं होतं. त्या हलक्या क्षणी ब्रेक दाबला तर टायर पकड कशाची घेणार? गळिताच्या हंगामात दिवा नसलेली ऊसाची ट्रॉली अंधारात अचानक पुढ्यात येते तेव्हा प्रश्न असतो तो एवढाच. तुम्ही शॉकअपकडं आराम म्हणून बघताय. माझ्या लेखी तो ब्रेक आणि स्टिअरिंग यांच्याच घरातला माणूस आहे.

‘मला तर गाडीत काहीच फरक जाणवत नाही’ हे तुमचं वाक्य मी पुराव्यात धरत नाही, राग मानू नका. शॉकअप एका दिवसात जात नाही, वर्षानुवर्षं झिजतो आणि आपण नकळत त्याच्याशी जुळवून घेतो. स्पीडब्रेकरला आधीच गाडी मंद करतो, वळणावर हात घट्ट धरतो. म्हणून रोज चालवणाऱ्याचा अंदाज सगळ्यात कच्चा. एखाद्या रविवारी मुलाला चालवायला द्या आणि तुम्ही मागच्या सीटवर बसा. रस्ता मात्र काळ्या मातीतला निवडा, मंगळवेढ्याकडचा किंवा विजापूरकडचा कुठलाही जुना फाटा चालेल. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, त्यामुळं वरच्या डांबराला लांब लांब लाटा पडतात. खड्ड्यात सगळ्याच गाड्या आदळतात, त्यावरून काही कळत नाही. पण अशा लाटेवर ६०-७० च्या वेगात गाडी एकदाच वर जाऊन बसली, का वर गेली, खाली आली आणि पुन्हा वर गेली, यात सगळं उत्तर आहे.

मग गाडी उभी करून दोन गोष्टी बघा. शॉकअपच्या नळीवर धूळ चिकटलेला हलका ओलावा चालतो. पण ऑइल ओघळून खालपर्यंत आलं असेल तर सील फुटलंय. दुसरं, टायरच्या नक्षीवरून तळहात गोल फिरवा. मध्येच उंच, मध्येच खोल असे चट्टे लागले तर चाक रस्त्यावर नाचतंय, असा संशय घ्या. हे चट्टे बॅलन्सिंग बिघडल्यानं किंवा बुश गेल्यानंही पडतात, म्हणून एकट्या टायरवरून निकाल देऊ नका.

आता ऑइल भरण्याचं. तुमच्या मिस्त्रीच्या हाताबद्दल मला शंका नाही, कामाबद्दल आहे. साध्या शॉकअपमध्ये एकात एक अशा दोन नळ्या असतात. आत पिस्टन चालतो, बाहेरच्या नळीत जादा ऑइल आणि त्याच्यावर कमी दाबाचा नायट्रोजन वायू. वायू अशासाठी, की पिस्टन जोरात वरखाली झाला तरी ऑइलचा फेस होऊ नये. नळीला भोक पाडून ऑइल भरलं आणि वेल्डिंगनं बंद केलं, की वायू गेला तो गेला. पिस्टनची झीज तशीच राहिली, व्हॉल्व्हच्या पातळ चकत्या तशाच, आणि ऑइल कुठल्या दर्जाचं हे कोणी विचारत नाही. पहिले काही दिवस गाडी छान वाटते, कारण ऑइल ताजं आणि घट्ट असतं. पण शॉकअपचं कामच मुळी हालचालीची उष्णता करायचं. एप्रिल-मेमध्ये बाहेरच चाळिशीच्या पुढं पारा आणि खाली उखडलेला रस्ता, म्हणजे आतलं ऑइल पातळ होणार आणि वायूविना त्याचा फेसही होणार. फेसातून पिस्टन अलगद जातो, अडवायला काही उरत नाही. असल्या जोडीवर गाडी शहरात नवी पेठेत फिरवा हवी तर, हैदराबादला नेऊ नका.

साडूंच्या गाडीचं प्रकरण मला सगळ्यात रंजक वाटलं, कारण त्यात दोन वेगळ्या तक्रारी एकत्र झाल्यात. गाडी पुढून बसलेलीच राहिली, कारण गाडीचं वजन स्प्रिंग पेलते, शॉकअप नव्हे. बसलेली गाडी नव्या शॉकअपनं वर येत नाही. सपाट जागी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंचं अंतर टेपनं मोजायचं. डाव्या-उजव्यात चांगला फरक निघाला तर स्प्रिंग बसलीय किंवा तिचा शेवटचा वेढा तुटलाय. पुढचा स्ट्रट, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंगचा एकत्र जोड, उघडलेला असतानाच स्प्रिंग बदलून घ्यायची, तेव्हा वेगळी मजुरी पडत नाही.

कडकपणाचं कारण मला बसवण्यात दिसतं. एक तर पेट्रोल आणि डिझेलचे पार्ट नंबर बघून घेतले होते का? डिझेल इंजिन जड असतं, नंबर जुळवूनच घ्यावा. दुसरं, आणि हे फार गॅरेजांत होतं, मागच्या शॉकअपचा खालचा बोल्ट किंवा लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) बोल्ट चाकं हवेत लोंबत असतानाच पूर्ण आवळतात. गाडी खाली उतरवली की बुशाचं रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं. गाडी ताठ वाटते आणि बुश वर्षभरात फाटतो. हे बोल्ट हातापुरते लावून, गाडी चाकांवर उभी करून, मगच शेवटचं आवळायचं. तिसरं कारण अगदीच साधं, टायरमधली हवा. ‘चाळीस मारा’ म्हणणारे पंपवाले तुम्हालाही माहीत आहेत.

रस्त्यांबद्दल वाद घालत नाही, तो मी हरेन. पण नवे शॉकअप लवकर जातात त्याचं खापर सगळं रस्त्यावर फोडू नका. पिस्टनच्या रॉडवर रबराचा डस्ट कव्हर असतो आणि आत बंप स्टॉपर, म्हणजे शेवटचा धक्का झेलणारा तुकडा. हे दोन स्वस्त तुकडे आहेत आणि बिल कमी दिसावं म्हणून नेमके हेच जुने परत बसवले जातात. फाटलेल्या कव्हरमधून आपल्याकडची बारीक धूळ चकचकीत रॉडवर बसते, रॉड आतबाहेर होताना सील खरवडलं जातं आणि ऑइल गळायला लागतं. स्टॉपरचा भुगा झाला असेल तर मोठ्या खड्ड्यात पिस्टन थेट तळाला आपटतो. रॉड फिरू नये म्हणून तो पकडीनं धरणारा मिस्त्री दिसला, तर तिथंच थांबवा. रॉडवर एक ओरखडा पुरे.

पैशाचं गणित. गाडी विकून दीड लाख येतील म्हणून चौदा हजार जास्त, हे मला पटत नाही. गाडी विकायचीच असेल तर एक रुपयाही घालू नका, मी तुमच्या बाजूनं आहे. पण तुम्हीच लिहिलंय, की मुलीचं शिक्षण होईपर्यंत हीच गाडी ठेवायची आहे. मग तुलना विक्रीच्या किमतीशी कशाला? पुढच्या दोन-तीन वर्षांच्या टायरशी, बुशांशी, बॉल जॉइंटशी करा. आणि पंधरा वर्षांचं म्हणाल तर दिल्ली परिसरातले नियम वेगळे, आपल्याकडं खाजगी गाडीचं आरसी (नोंदणी) पंधरा वर्षांनी फिटनेस तपासून पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळतं. पर्यावरण कर भरावा लागतो, पण २०२७ मध्ये तुमची स्विफ्ट आपोआप भंगारात जात नाही.

चारही एकदम बदला, असं मी मूळ लेखातही म्हटलं नव्हतं. ‘जोडीनं बदला’ असं होतं, म्हणजे पुढचे दोन्ही किंवा मागचे दोन्ही. एकच बदलला तर डावं-उजवं वेगळं वागतं आणि ब्रेकला गाडी ओढते. तुमच्या गाडीला मी आधी पुढचं काम करीन. त्याच्याही आधी लिंक रॉड (सस्पेन्शनमधला छोटा जोडदांडा) आणि लोअर आर्म हलवून बघायला सांगा, कारण तुम्ही लिहिलेली सात रस्त्याजवळची हळू वेगातली खडखड बहुतेक लिंक रॉडची असणार. ती शॉकअपच्या बिलात घालू नका. ते ठीक करून झालं की पुढची जोडी, माउंटिंग, बेअरिंग, कव्हर आणि स्टॉपरसकट. नवे शॉकअप बसवण्याआधी उभे धरून चार-पाच वेळा हातानं दाबून घ्यायला सांगा, आडवे पडून पडून आतल्या नळीत हवा शिरलेली असते. काम कुठंही करा, पण ज्याच्याकडं धड स्प्रिंग कॉम्प्रेसर नाही त्याच्याकडं नको. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो, यात अतिशयोक्ती नाही. शेवटी अलाइनमेंट करावंच लागतं, कारण पुढचा स्ट्रट सोडला की चाकाचा कोन हलतो.

मागच्या जोडीला घाई नाही. मागं स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा असल्यानं काम सोपं आहे, मजुरी कमी लागते आणि अलाइनमेंटचीही गरज नसते. मागच्या टायरच्या नक्षीचा, आतली कड दिसेल असा, आणि शॉकअपच्या खालच्या टोकाचा फोटो टाका. कोरडं असेल आणि चट्टे नसतील तर जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत थांबायला माझी हरकत नाही.