फोबिया दहा मिनिटांत मुळासकट जातो?

"व्हीआर हेडसेट डोळ्यांवर चढवा. मेंदूला खरं आणि आभासी यांतला फरक कळत नाही, त्यामुळे कुठलाही फोबिया दहा मिनिटांत मुळासकट जातो. थेरपिस्ट नको, गोळ्या नकोत." या आशयाचा मजकूर सगळीकडे फिरतोय. व्हीआर म्हणजे संगणकानं डोळ्यांसमोर उभं केलेलं आभासी जग आणि फोबिया म्हणजे एखाद्या गोष्टीची अतोनात भीती. या भीतीवर व्हीआर उपचार खरोखर उपयोगी आहेत आणि म्हणूनच मला या मजकुराचा राग येतो. दहा मिनिटांत गुण आला नाही की घाबरलेला माणूस उपचारांवरच फुली मारतो.

मेंदूला फरक कळत नाही, हे चूक. आभासी गच्चीच्या कठड्याशी उभ्या माणसाला विचारा, तो सांगेल की मी खोलीतच आहे. तरी त्याचे तळहात घामेजतात, छाती धडधडते, पाऊल मागे सरकतं. आपण सुरक्षित आहोत हे माहीत असूनही शरीर घाबरतं, यावरच हा उपचार उभा आहे.

आता 'दहा मिनिटांत' आणि 'मुळासकट'. यातला गुण हेडसेटचा नव्हे, भीतीला टप्प्याटप्प्यानं सामोरं जाण्याचा. १९२४ साली मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या लहान मुलाजवळ ससा हळूहळू आणत त्याची भीती कमी केल्याचं नोंदवलं, तेव्हा संगणकही नव्हते. १९९५ मध्ये मानसशास्त्रज्ञ बार्बरा रॉथबॉम आणि सहकाऱ्यांनी हीच पद्धत उंचीच्या भीतीसाठी आभासी जगात वापरली. पुढे २००० साली विमानप्रवासाच्या भीतीवरच्या त्यांच्या अभ्यासात आभासी विमान आणि विमानतळावरचं खरं विमान, दोन्हींचा परिणाम जवळपास सारखाच दिसला. तिथे आठ सत्रं होती आणि त्यातली पहिली चार तर चिंता आवरायला शिकवण्यातच गेली.

शिवाय जुनी भीती पुसली जात नाही. 'इथे उभा राहिलो तरी काही झालं नाही' हा नवा अनुभव तिच्याशेजारी साठतो आणि पुरेसा साठला की तिच्यावर मात करतो. जागा बदलली, बराच काळ गेला, की जुनी भीती पुन्हा डोकं वर काढू शकते. म्हणून चांगला थेरपिस्ट आभासी लिफ्टनंतर खऱ्या लिफ्टमध्ये जायला लावतो, तेही वेगवेगळ्या इमारतींत.

थेरपिस्ट नको, या दाव्यात थोडं तथ्य आहे. २०१८ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री' या वैद्यकीय नियतकालिकात मानसशास्त्रज्ञ डॅनियल फ्रीमन यांच्या गटाचा अभ्यास आला. उंचीला घाबरणाऱ्या १०० जणांपैकी ४९ जणांना आभासी प्रशिक्षकाकडून उपचार मिळाले आणि त्यांची भीती सरासरी ६८ टक्क्यांनी घटली. निष्कर्ष मोठा आहे, पण तुलना थेरपिस्टशी नव्हती. दुसऱ्या गटातल्या बहुतेकांना कुठलाच उपचार मिळत नव्हता. शिवाय तो कार्यक्रम मानसशास्त्रज्ञांनी पायरी-पायरीनं रचलेला होता. दुकानातून आणलेल्या भीतिदायक गेममध्ये ती रचना नसते. त्यात भीती शिगेला पोचली की माणूस हेडसेट काढून फेकतो, हायसं वाटतं आणि 'पळालो म्हणून वाचलो' हा जुनाच धडा पक्का होतो. हेच मला सगळ्यात घातक वाटतं.

'कुठलाही' म्हणाल तर उंची, कोळी, विमान, लोकांसमोर बोलणं यांसाठी पुरावा चांगला आहे. पण दिवसभर कशाची ना कशाची काळजी कुरतडत राहते, त्या चिंतेला समोर ठेवता येईल असं एक दृश्यच नसतं.

'गोळ्या नकोत' हे वाक्य मात्र कृपया कुणालाही पुढे पाठवू नका. चिंतेवरच्या काही गोळ्या एकाएकी थांबवल्या तर चिंता दुपटीनं उसळू शकते आणि बेन्झोडायझेपीन गटातल्या गोळ्या बराच काळ घेणाऱ्याला फिटचे झटकेही येऊ शकतात. डोस कमी करायचा तर तो लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारून, हळूहळू.