‘गोळ्या सोडा, ध्यान धरा’ या मेसेजला उत्तर

‘मन खंबीर करण्याचे पाच मंत्र’ या नावाचा एक लांबलचक मेसेज सध्या नातेवाइकांच्या ग्रुपांवर फिरतोय. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं : वीस मिनिटांचं ध्यान म्हणजे चार तासांची झोप. यशस्वी माणसं चार तासच झोपतात, गीताही तेच सांगते. पहाटे साडेतीनला उठून ध्यान केलं की नैराश्य मुळापासून जातं, मग गोळ्या लागत नाहीत. ध्यानाने कुणाला कधी अपाय होत नाही. आणि आपल्या आज्यांना कुठे होतं डिप्रेशन?

माझ्या आतेबहिणीला हा मेसेज तीन-चार जणांनी पाठवला, सगळ्यांनी काळजीपोटीच. तिने कुणाला न सांगता गोळ्या बंद केल्या. पाकिटं रव्याच्या डब्यामागे सरकवलेली आत्याला सापडली, तोवर ताईला ओट्याला धरल्याशिवाय उभं राहता येत नव्हतं. म्हणून आधी गोळ्यांचंच बोलते.

नैराश्यावरच्या गोळ्या एकदम थांबवल्या की बऱ्याच जणांना गरगरतं, मळमळतं, झोप उडते, विनाकारण रडू येतं, मान वळवली तरी डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होतं. ताईला हे सगळं झालं. मेसेजमध्ये यावरही एक ओळ आहे : ‘सुरुवातीला त्रास होईल, ती मनातली घाण बाहेर पडतेय.’ ही ओळ लिहिणाऱ्याचा मला मनस्वी राग आहे. औषध एकाएकी तुटल्यावर शरीर असंच वागतं, त्यात घाण कसली? तो त्रास होऊ नये म्हणूनच तर डॉक्टर डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात. पण या ओळीमुळे ताई गप्प बसून सोसत राहिली, आपलीच श्रद्धा कमी पडतेय असं तिला वाटत राहिलं. बायपोलर आजाराच्या, म्हणजे कधी नैराश्य तर कधी उन्माद (मन अतोनात उत्तेजित होणं) येणाऱ्या माणसाने लिथियम हे त्यावरचं औषध असं अचानक सोडलं तर उन्माद परत येण्याचा धोका फार मोठा असतो, आणि अशा माणसाची झोप मोडली तर तेवढ्यानेही उन्माद सुरू होऊ शकतो. मेसेज त्याला दोन्ही सोडायला सांगतो, गोळीही आणि झोपही.

मेसेजमधलं अर्धं खरं आहे, ते कबूल करायलाच हवं. ध्यानाच्या आधाराने गोळ्या कमी करता येतात का, हे रीतसर तपासलं गेलंय. इंग्लंडमधला ४२४ जणांचा अभ्यास २०१५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. एका गटाने माइंडफुलनेसचा, म्हणजे मनात आत्ता काय चाललंय ते शांतपणे बघण्याच्या ध्यानाचा, आठ आठवड्यांचा वर्ग केला आणि डॉक्टरांच्या मदतीने गोळ्या उतरवल्या, दुसऱ्याने गोळ्या चालू ठेवल्या. दोन वर्षांत पहिल्या गटात ४४ टक्के जणांचं नैराश्य परतलं, दुसऱ्यात ४७ टक्के. म्हणजे म्हणावा असा फरक नाही, आणि ध्यानाच्या बाजूने ही लहान गोष्ट नव्हे. पण हे लोक कोण होते? पूर्वी तीन किंवा अधिक वेळा नैराश्य येऊन गेलेले, पण अभ्यासाच्या वेळी बरे असलेले. ऐन आजारातलं त्यात कुणी नव्हतं. शिकवायला प्रशिक्षित माणूस होता, दर आठवड्याला गटात सव्वादोन तास बसणं होतं, घरचा सराव वेगळा. एवढं करूनही शंभरातल्या चव्वेचाळीस जणांना आजाराने पुन्हा गाठलं. मग मुळापासून गेलं ते कुणाचं?

अपायाचं म्हणाल तर इगतपुरीच्या विपश्यना केंद्राची नियमावली वाचा. गंभीर मानसिक आजार असलेले लोक बरं होण्याच्या अवास्तव अपेक्षेने शिबिराला येतात, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. अर्जातच आजार आणि औषधं विचारतात. वर्षानुवर्षं ध्यान शिकवणारी माणसं एवढी जपून बोलतात, आणि फॉरवर्ड करणाऱ्याला क्षणभर थांबावंसं वाटत नाही. त्याच शिबिरात पहाटे चारला घंटा होते हे खरं, पण रात्री साडेनऊला दिवे बंद होतात आणि दुपारच्या जेवणानंतर विश्रांती असते. दिवसाला दहा तास ध्यान करणाऱ्यांचीही झोप कुणी कापत नाही.

झोपेचा हिशेब मोठा नाही. प्रौढ माणसाला रोज किमान सात तास लागतात. २००७ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात रात्रभर जागवलेल्या तरुणांना त्रासदायक चित्रं दाखवली, तेव्हा भीती आणि रागाशी संबंधित असलेला त्यांच्या मेंदूतला भाग झोपून आलेल्यांपेक्षा ६० टक्के जास्त भडकला. मन खंबीर करायचं आणि झोप तोडायची, हे एकत्र जमणारं नाही. गीतेचा हवाला देणाऱ्यांनी सहावा अध्याय उघडावा : अति झोपणाऱ्याला योग साधत नाही, तसा अति जागणाऱ्यालाही नाही.

आज्यांबद्दल एवढंच. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं आहे. शिवाय ‘तिला बाहेरचं झालंय’, ‘अमकीने विहीर जवळ केली’ हे आपल्याच घरांत खालच्या आवाजात बोललं जायचं. दुःख होतंच, त्याला आजार म्हणायची सोय नव्हती.

मी स्वतः रोज ध्यान करते. श्वासाकडे लक्ष ठेवायचं, मन भरकटलं की परत आणायचं, पुन्हा भरकटलं की पुन्हा. राग आला की तोंडातून शब्द जायच्या आधी क्षणभर थांबता येतं, एवढा फायदा मला नक्की झालाय. तो कुणालाही व्हावा. पण गोळ्या चालू असतील तर त्यांच्याबद्दल लिहून देणाऱ्या डॉक्टरांशीच बोला. कुणाशी बोलावं हेच कळत नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मोफत, दिवसरात्र, मराठीतही.

आणि ज्यांनी ताईला तो मेसेज काळजीने पाठवला त्यांच्यासाठी. डॉक्टरांनी तिच्या गोळ्या पुन्हा सुरू केल्यात, ती सावरतेय. पण रात्री भांडी आवरून ती साडेअकराला आडवी होते आणि डब्यांसाठी पाचला उठते. तिला साडेतीनला उठवू नका. आठवड्यातून दोन दिवस त्या घरातले डबे तुम्ही करून द्या, तिला सातपर्यंत झोपू द्या.